सोमीसाठी बांगडे

"रेवती, आधी हिच्या तोंडातलं काढ, मग चहा पी," सासूबाई अंगणातून ओरडल्या, आणि मी भरलेला कप ओट्यावर ठेवून बाहेर गेले.

सोमीच्या तोंडात काय होतं ते लिहायला आज सोळा वर्षांनीसुद्धा हात धजत नाही, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घराशेजारी एक रिकामा प्लॉट होता. सकाळच्या वेळी तिथं कोण कोण लोटा घेऊन जायचं. सोमी तिथूनच आली होती. मिशांना लागलेलं, हनुवटीला लागलेलं, आणि शेपटी अशी हलतेय की जणू घरात पेढे वाटायला आली आहे.

"थू कर. थू कर म्हणते ना!"

मी हाताला फडकं गुंडाळून तिचा जबडा उघडायला गेले. तिनं घाईघाईनं गिळलं आणि मोकळ्या झालेल्या जिभेनं माझं मनगट प्रेमानं चाटलं. मी नळाखाली कोपरापर्यंत हात घासला. आधी साबण, मग राख, मग परत साबण. तो चहा तसाच मोरीत गेला.

"पोटात कायतरी कमी पडत असंल माय तिच्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची, लातूरकडे तशीच पद्धत आहे.

"कमी कसलं पडतंय? सकाळी वाटीभर दूध, दुपारी भाकरी कुस्करून, रात्री वरणभात. माझ्यापेक्षा जास्त खाते ती."

"मग गू का खातीया?"

फडकं माझ्याच हातात होतं, आणि ते धुणारीही मीच होते.

मला कुत्री आवडत नाहीत. देवगडला माझ्या माहेरी पडवीत दोन पडून असायची, पण ती कुणाची नव्हती आणि घरात येत नव्हती. ही घरात आली ती आत्याबाईंमुळे. त्या वर्षी चैत्रात माझे सासरे गेले आणि आत्याबाईंचं जेवण सुटलं. ताटावर बसायच्या, भाकरीचा कोपरा मोडायच्या आणि बोटांत धरून बसून राहायच्या. दोन महिन्यांत दंडाला घट्ट बसणाऱ्या चोळीच्या बाह्या लोंबू लागल्या. सासऱ्यांच्या नावानं ज्वारीचं पोतं द्यायला म्हणून आम्ही गावाबाहेरच्या भटक्या जनावरांच्या आश्रयगृहात गेलो, आणि तिथं ही तांबडी, केस झडलेली, एका पायानं लंगडी कुत्री येऊन आत्याबाईंच्या पावलावर हनुवटी टेकून बसली. झालं. तो सोमवार होता म्हणून नाव सोमी.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी अर्धी भाकरी सोमीला घातली आणि उरलेली अर्धी स्वतः खाल्ली. माझा नवरा मन्मथ दारात उभा राहून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून त्या घरात सोमीला कुणी काही बोलायचं नाही, असा कायदाच झाला.

कायदा ठीक आहे, पण घाण कुणी काढायची? दुधानं तिला जुलाब व्हायचे. ती पायपुसण्यावर करायची, तुळशीच्या कट्ट्याशी करायची, एकदा मन्मथच्या बुटात केलं तेव्हा मला मनातून बरं वाटलं. मग आत्याबाईंनी दूध कमी करून पनीर सुरू केलं. मग ओकाऱ्या. ओकलेलं ती परत खायची. मी तोंडाला पदर बांधून पोतेरं फिरवायची, आणि आत्याबाई देवघरातून सांगायच्या, "फिनेल नको गं वापरू, तिला ठसका लागतोय."

सोमवारी आत्याबाईंचा उपवास. मग सोमीचाही. तिच्या ताटलीत भगर आणि शेंगदाण्याची आमटी. सोमी वास घ्यायची, आत्याबाईंकडे बघायची, आणि त्यांचा मान राखून दोन घास खायची. नंतर फाटक उघडं सापडलं की प्लॉट गाठायची. माणसाच्या विष्ठेनं उपवास सोडणारं जनावर मी तेवढं एकच पाहिलं.

चाळीस दिवसांनी आश्रयगृहाच्या डॉक्टर घरी आल्या. तस्नीम त्यांचं नाव. बारीक चणीच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. कुत्रं दिल्यावर दीड महिन्याच्या आत घरी जाऊन बघायचं, ही त्यांची रीतच होती. स्प्रिंगचा काटा आणि झोळी त्यांनी बरोबरच आणली होती. सोमीला झोळीत घालून टांगलं.

"दिली तेव्हा तेरा किलो होती," त्या म्हणाल्या. "आता साडेअकरा. काय घालता?"

आत्याबाईंनी सगळं सांगितलं. अगदी अभिमानानं, भगरीसकट.

डॉक्टरबाईंनी सोमीला झोळीतून खाली उतरवलं. मग म्हणाल्या, "आजी, तुमची माया दिसतेय. पण ही उपाशी आहे. घाण खाते ना?"

"खाती."

"पोटाला हवं ते मिळत नाही म्हणून खाते. अंडी द्या, कोंबडी उकडून द्या. काही नाही तर सुकी मासळी द्या, पण मीठ पुरतं धुऊन. पायाचं हाड अजून भरायचंय तिचं."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आमचं घर लिंगायत, कडक. गळ्यात इष्टलिंग, दोन वेळा पूजा, आणि घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

"सोयाबीन चालंल का?" त्यांनी पदराआडून विचारलं.

"पंधरा दिवसांनी मी परत वजन करीन. वाढलं नाही तर घेऊन जाईन. रागावू नका, पण मला तिचं बघायला हवं." डॉक्टरबाईंनी झोळीची घडी केली आणि गेल्या.

आत्याबाई मटकन पायरीवर बसल्या. सोमी लंगडत आली आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं. आत्याबाईंचा हात तिच्या बरगड्यांवरून फिरत होता, एकेक बरगडी मोजता यावी अशी वर आलेली. कुत्री गेली तर या बाई परत ताटावर नुसत्या बसून राहणार, हे मला दिसत होतं आणि मन्मथलाही दिसत होतं.

"कोंबडी नको," मन्मथ म्हणाला. "पिशवीतून रक्त गळतं, सगळ्या गल्लीला कळेल. मासळीच बरी. शनिवारच्या बाजारात अगदी शेवटच्या ओळीत एक बाई बसते. तिचे सुके बांगडे चांगले असतात, किडके नसतात. लसूण-तिखट लावून करडईच्या तेलात जरा खरपूस परतले की..."

तो थांबला.

"परतले की काय?" मी विचारलं.

"काही नाही. आडतीवरचे हमाल सांगतात."

हमालांनी सांगितलेल्या गोष्टीनं कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. त्याच्या सुटलं होतं. त्यानं आवंढा गिळलेला मी स्पष्ट पाहिला.

आमचं लग्न प्रेमाचं. पुण्यात एका कचेरीत आम्ही दोघं होतो. मी डब्यात सुकटीची चटणी नेली की हाच मन्मथ नाकाला रुमाल लावून दुसऱ्या टेबलावर जायचा. "तुझ्या डब्याला वास मारतो" म्हणायचा, आणि मी वेडी, दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी न्यायची. लग्नाआधी स्वामींनी मला दीक्षा दिली, माझ्याही गळ्यात इष्टलिंग आलं. आत्याबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं होतं, "आता जिभंला बी लावायचं न्हाई. म्हायेरी गेलीस तरी." मी कबूल झाले. मन लावून कबूल झाले, कारण मला तो हवा होता. अकरा वर्षं मी ते पाळलं, आणि पुण्याची नोकरी सोडून घरची धान्याची आडत बघणारा हा उशिरा यायचा आणि "आज भूक नाही" म्हणायचा, तेव्हा मी त्याला लिंबूपाणी करून द्यायची. मला त्याच्या त्या भूक नसलेल्या सगळ्या संध्याकाळी एकदम आठवल्या आणि किळस आली. मासळीची नाही आली. त्या रुमालाची आली.

आत्याबाईंनी लेकाचं बोलणं ऐकलं की नाही, देव जाणे. आयांना ऐकू येतं ते त्यांचं त्याच ठरवतात. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रेवती, तुला येतंय की गं ते करायला. तू कर सोमीसाठी. मागल्या अंगणात तीन दगडं मांड, जुनं पातेलं घे. वासाचं माझं मी बघते."

"मी?"

"मग कोण? आमच्यात कुणाला ठावं हाय ते?"

तिथं माझं डोकं फिरलं.

"आत्याबाई, मी या घरात येऊन किती वर्षं झाली?"

"अकरा झाली की."

"मी माहेरी गेले की माझी आई माझ्यासाठी वेगळं पातेलं काढते. माझे बाबा स्वतःच्या घरात ताट उचलून पडवीत जाऊन जेवतात, मला वास नको म्हणून. अकरा वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत, रेवती, तुला आठवण येते का? एकदा? आणि या गू खाणाऱ्या कुत्रीसाठी चाळीस दिवसांत चूल मांडायला निघालात?"

"आगं, मुकं जनावर हाय ते. त्याला काय कळतंय?"

"मला कळतं म्हणून मला नाही, असंच ना?"

मन्मथ चपला शोधू लागला. आत्याबाईंनी सोमीला उठवलं आणि तिच्या लंगड्या पायाच्या चालीनं, तितक्याच हळू, आत गेल्या.

मी माफी मागितली नाही. पण त्या रात्रीही आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी भाकरीचा कोपरा मोडला आणि बोटांत धरून ठेवला. सोमी ताटाशेजारी बसून होती, बरगड्या वर-खाली करत. तिसऱ्या दिवशी मी देवगडला फोन लावला.

"आई, सुके बांगडे कुत्र्याला घालायचे तर कसे करायचे?"

"कुत्र्याक?" आईनं विचारलं. "आणि तुका गो?"

"कुत्र्यालाच, आई."

"बरां. रातभर पाण्यात घालून ठेव. दोनदा पाणी बदल, खार जावंक व्हयो. मगे उकड, काटे काढ, नि भातात कालव." मग आवाज बारीक करून म्हणाली, "एक निखाऱ्यार भाज गो बाये. कोणाक कळाचा नाय."

"आई!"

"माका काय सांगू नको. नुसतो भाज."

फोन ठेवला तेव्हा माझं ठरलं होतं. नवरा शपथ मोडून ढेकर देत घरी येतो, कुत्रीसाठी सोवळं खुंटीला टांगतात, मग मीच काय घोडं मारलंय? सात बांगडे आणायचे. सहा सोमीचे, एक माझा. शनिवारपर्यंत मी त्या एकाचाच विचार करत होते. काळी पडलेली साल कशी सुटते, आतलं मांस कसं धाग्याधाग्यानं निघतं, आई वरून कच्चं खोबरेल कशी सोडते. अकरा वर्षं दाबून ठेवलेली भूक अशी वर आली की मला रात्री हसू यायचं.

शनिवारी बाजाराच्या शेवटच्या ओळीत खरंच एक बाई बसली होती. बांगडे, बोंबील, सुकट, वर माश्या. वासानं माझा पदर आपोआप नाकाला गेला. उन्हानं असेल, मी मनाला सांगितलं.

रात्रभर बांगडे मागल्या अंगणात बादलीत भिजत पडले. सकाळी पाण्यावर करडा फेस आला होता, खवले तरंगत होते, आणि पाणी बदलायला वाकले तर वास थेट डोक्यात गेला. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "गटार तुंबलंय का हो?" रविवारी आडत बंद असते, तरी मन्मथला तिथलं काहीतरी तातडीचं काम आठवलं.

"मला नाही गं सहन होत," तो नाकाला रुमाल लावून म्हणाला. "उलटी होईल."

"करडईच्या तेलाचा डबा तेवढा वर काढून ठेवून जा," मी म्हणाले.

तो बघत राहिला आणि गेला. आमच्यात या विषयावर त्यापुढं कधी बोलणं झालं नाही. माझ्या मनातून मात्र काहीतरी उतरलं ते उतरलंच.

तीन दगड मांडले, काटक्या घातल्या, सोमीचे सहा बांगडे उकडले, पाणी फेकलं, परत उकडले. बोटांनी काटे काढले. बोटांना तो बुळबुळीतपणा चिकटला आणि मी मान फिरवून श्वास घेऊ लागले. एकाचे काटे निघाल्यावर तो भातात कालवून सोमीपुढं ठेवला.

ती आधी मागं सरली. मग नाक पुढं आलं. आणि मग त्या कुत्रीनं जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं भसाभस खाल्लं नाही. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ताटली संपली, चाटून झाली, तरी पुढचे पाय तिच्यावर ठेवून बसून राहिली. फाटक सताड उघडं होतं. प्लॉटाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ती राहिली, हे इथंच सांगून टाकते. पंधरवड्यानं काट्यावर तेराच्या वर भरली, डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली, आणि पुढं नऊ वर्षं ती आमच्या उंबऱ्यात आडवी पडून सगळ्यांना अडखळवत जगली.

त्या सकाळी सोमीचं झाल्यावर मी निखारे पुढं ओढले आणि सातवा बांगडा वर ठेवला. साल तडतडू लागली. तेवढ्यात मागचं दार वाजलं. मी दचकून वळले. आत्याबाई उभ्या होत्या. नुकतीच पूजा झालेली, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे. नाक पदरात, आणि दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत वाफाळती ज्वारीची भाकरी, कांद्याची फोड, मीठ.

निखाऱ्यावरचा बांगडा त्यांना दिसला. झाकायला माझ्याजवळ काही नव्हतं.

"सोमीचं झालं की न्हाई खाऊन?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग ह्यो तुझा हाय."

त्यांनी ताटली माझ्यापुढं चुलीशी ठेवली. इतक्या जवळ वाकल्या की त्यांना ओकारी दाटून आली, ती त्यांनी पदरात दाबली. डोळ्यांत पाणी तरारलं.

"भाकरी गरम हाय तवर खा. मी न्हाई बघत," त्या म्हणाल्या, आणि दोन पावलांवर जाऊन कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. आत गेल्या नाहीत. वासात बसून राहिल्या. अकरा वर्षांची ती चूक त्यांनी त्यांच्या परीनं अशी पदरात घेतली होती.

मी बांगडा ताटलीत घेतला. साल सुटली, तशीच, आईच्या बांगड्याची सुटायची तशी. मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मांस धरलं, आणि तोंडात घातलं.

मेलेलं काहीतरी जिभेवर ठेवल्यासारखं झालं. चावायला गेले तर दातांना कळेना, हे खायचं असतं म्हणून. मी हट्टानं दोनदा चावलं. हा तोच बांगडा आहे, रेवती, तोच, आईच्या चुलीवरचा. डोक्याला सगळं ठाऊक होतं. घशानं दार लावून घेतलं होतं. पोटातून उमासा आला, आणि मी ओंजळीत थुंकले. चावलेलं, लाळेत भिजलेलं, माझ्याच तोंडातलं ते बघून मला इतकी शिसारी आली की डोळ्यांपुढं अंधारलं. मन्मथची जीभ शाबूत होती. शपथ मोडणाऱ्याची शाबूत, आणि पाळणारीची गेली. मला वाटत होतं मी अकरा वर्षं भूक सांभाळून ठेवली आहे. आत काहीच नव्हतं.

सोमी उठून आली. माझ्या ओंजळीतलं तिनं एका जिभेत उचललं, मग ताटलीतला उरलेला बांगडा उचलला, आणि काट्यासकट कडाकडा चावून खाल्ला. मी तिला अडवलं नाही. आवाज भिंतीपर्यंत जात होता.

"खाल्लंस का गं?" आत्याबाईंनी न वळता विचारलं.

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं वाटलं का जिवाला?"

त्यांची पाठ ताठ होती. दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबलेला होता. अजून जरा वेळ बसावं लागलं असतं तर त्यांना तिथंच भडभडून ओकारी झाली असती.

"फार बरं वाटलं, आत्याबाई," मी म्हणाले.

"मग दर शनिवारी एक जास्तीचा आणत जा. तुला."

पुढच्या शनिवारी मी सात आणले. रविवारी आत्याबाई ताटलीत गरम भाकरी घेऊन आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि मी सातवा बांगडा भाजून सोमीपुढं धरला.